कार्डावरचा पत्ता

गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड मी नोकरीची सगळी वर्षं भरत आले. कितवी खेप, शेवटच्या पाळीची तारीख, उंची, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी. सगळ्यात वर नाव आणि पत्ता. पत्त्याची ओळ आम्ही भरायचो ती घर सापडावं म्हणून, दुसरं काही मनात नसायचं. उरण तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून फिरता फिरता माझं मत पक्कं होत गेलं की ही ओळ रक्तदाबाच्या ओळीइतकीच लक्ष देऊन वाचायला हवी. जसखार-सोनारीची पोटुशी आणि आवरे-पिरकोनची पोटुशी एकाच वयाच्या, एकाच जातीच्या, रक्तही दोघींचं सारखंच कमी. पण एकीच्या खिडकीखालून रात्रभर कंटेनरचे ट्रेलर जातात आणि दुसरीच्या अंगणात अजून भाताची उडवी रचलेली असते. दोघी वेगळी हवा घेतात, वेगळं पाणी पितात, वेगळी झोप झोपतात. पोटातलं बाळ या सगळ्याचा वाटेकरी असतं.

आधी अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणजे काय ते सांगते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. आपल्याकडे महिन्यांनी मोजतात, आणि त्यातून एक जुनी समजूत घरोघर चालत आलेली आहे : सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. कितीतरी सासवांनी मला हे ठामपणे ऐकवलं. हे खरं नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. ३० आठवड्यांच्या बाळाची फुप्फुसं अजून तयार नसतात. फुप्फुसाचे फुगे श्वास सोडल्यावर मिटून जाऊ नयेत म्हणून आतून एक बुळबुळीत द्रव लागतो, तो पुरेसा तयार व्हायला ३४-३५ आठवडे जातात. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. कातडीखालची चरबी तर शेवटच्या महिन्यांतच भरते, म्हणून अशी बाळं पटकन गार पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अशी वेळेआधी जन्मली. त्यातली ३० लाखांहून जास्त आपल्या देशात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंचं जगातलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. जी वाचतात, त्यांतल्या काहींना पुढे नजरेचा, ऐकण्याचा, शिकण्याचा त्रास राहतो.

डॉक्टरी कारणं आम्हाला प्रशिक्षणात शिकवली होती. जुळी, रक्तदाब, साखर, अंगात रक्त कमी, लघवीच्या जागेचा संसर्ग, कोवळं वय, दोन बाळंतपणांत कमी अंतर. ती सगळी खरी आहेत. मात्र एवढ्यावर थांबलं की सगळा दोष बाईच्या अंगावर येतो. ती नीट जेवली नाही, तिने गोळ्या घेतल्या नाहीत, ती वेळेवर आली नाही. तिचा रक्तदाब का चढला, रक्त का कमी झालं, झोप का उडाली, हे विचारत गेलं की माणूस तिच्या दारात आणि दाराबाहेरच्या रस्त्यावर येऊन पोचतो.

आमच्या दाराबाहेर काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९७० साली नवी मुंबईसाठी जमिनी घ्यायचं ठरलं. भाताची खाचरं गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. आज देशाच्या मोठ्या बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीचा सुमारे निम्मा भार हे एकटं बंदर उचलतं. शिवाय ओएनजीसीचा तेल आणि वायूचा प्रकल्प, बोकडवीऱ्याचं वायूवर चालणारं वीज केंद्र, गॅसच्या टाक्या, आणि जिकडे बघावं तिकडे कंटेनरची यार्डं. मी बंदराच्या विरोधात नाही. त्याच्या पगारावर आमच्या पोरी शिकल्या, घरं पक्की झाली, आणि गरिबी हेसुद्धा वेळेआधी बाळंतपण होण्याचं एक मोठं कारण आहे. पण पगार घरात येतो तसा धूरही घरात येतो, आणि पगार मोजला जातो तसा धूर मोजला जात नाही.

या धुरातले बारीक कण म्हणजे ज्यांना पीएम २.५ म्हणतात ते. इतके सूक्ष्म की नाकात अडकत नाहीत, फुप्फुसात जातात आणि तिथून रक्तात. बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये बाळंतपणानंतरच्या वारा तपासल्या, तेव्हा काजळीचे कण वारेच्या बाळाकडच्या बाजूला सापडले. जास्त धुराच्या वस्तीत राहणाऱ्या आयांच्या वारेत ते जास्त होते. वार हीच बाळाची शिदोरी आणि हाच त्याचा श्वास. तिला सूज आली, तिच्यातल्या रक्तवाहिन्या आखडल्या की बाळाला कमी पोचतं, आईचा रक्तदाब चढू शकतो, आणि कळा सुरू करणारी द्रव्यं वेळेआधी अंगात वाढतात.

अमेरिकेतला एक अभ्यास मी उरणमध्ये प्रत्येकाला सांगते. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांत टोलनाक्यांवर गाड्या न थांबवता पैसे कापून घ्यायची सोय झाली. गाड्यांची रांग संपली, थांबून धूर ओकणं कमी झालं. जेनेट करी आणि रीड वॉकर या दोन अर्थतज्ज्ञांनी नाक्यांच्या आसपासच्या बाळंतपणांच्या नोंदी काढल्या. नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांमध्ये, थोडं लांब राहणाऱ्यांच्या तुलनेत, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं सुमारे ११ टक्क्यांनी घटली. त्या आयांना कोणी गोळी दिली नव्हती, आहार शिकवला नव्हता. फक्त रांग हटली होती. आता आपल्या करळ फाट्यावर, जासईच्या रस्त्यावर, यार्डांच्या दारात इंजिन चालू ठेवून उभे असलेले ट्रेलर डोळ्यांसमोर आणा. कॅलिफोर्नियातही असंच दिसलं. कोळसा आणि तेलावर चालणारी आठ वीज केंद्रं २००१ ते २०११ या काळात बंद झाली, आणि पाच किलोमीटरच्या आतल्या वस्तीत अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर आलं.

हे परदेशातलं झालं, असं म्हणायचीही सोय नाही. दिल्लीची आयआयटी, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था आणि इतरांनी आपल्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची माहिती हवेच्या नोंदींशी जोडून पाहिली. २०२५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. गरोदरपणात जास्त पीएम २.५ सोसलेल्या आयांमध्ये वेळेआधी बाळंतपणाची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी जास्त निघाली. अशा अभ्यासातून हमी मिळत नाही की अमक्या बाईला धुरामुळेच असं झालं, आणि तसं मी कुणाला सांगतही नाही. पण गावच्या गाव त्या हवेत असेल तर आकडा हलतो. वर्षाच्या सरासरीची आपली कायदेशीर मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ ची. चूल पेटवणाऱ्या घरात तर बाहेरच्यात आतला धूर मिळतो.

झोपेबद्दल बायका स्वतःहून बोलतात. “रातभर गाऱ्या चालू असतान, जोप कुठची लागते?” हे वाक्य मी ज्या गावांमध्ये ऐकलं ती सगळी रस्त्याला लागून आहेत. रिव्हर्स घेणाऱ्या ट्रेलरचा बझर, कंटेनर आदळल्याचा आवाज, वर पत्र्याचं छप्पर आणि खाली समुद्राची दमट उष्णता. रात्रभर अंग ताणलेलं राहिलं तर रक्तदाब उतरत नाही. उष्णतेचाही हिशेब झालेला आहे. अनेक देशांतल्या अभ्यासांची बेरीज करून २०२० मध्ये दिसलं की तापमान एक अंश वाढलं की वेळेआधी बाळंतपणाची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते, आणि उष्णतेच्या लाटेत आणखी जास्त. त्यात भीती आहेच. ३ सप्टेंबर २०१९ ला सकाळी ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागली, चार जीव गेले. अशा ठिकाणी राहणाऱ्या बाईला सायरन वाजला की पहिला हात पोटावर जातो.

पाण्याचं दुखणं वेगळं. उन्हाळ्यात रानसईचं धरण खाली गेलं की पाणीकपात लागते, आणि मग हंडे कोण वाहतं ते सांगायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा अभ्यास केला. गरोदरपणात जास्त अंगमेहनत करणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायांची बाळं लहान जन्मली. ज्या पालेभाज्या, फळं, दूध खात होत्या त्यांची थोराड. तो अभ्यास बाळाच्या आकाराचा आहे, दिवस अपुरे राहण्याचा नाही, पण उपाशी अंगाने ओझं वाहणाऱ्या बाईची दोन्हीकडून ओढाताण होते हे मी पाहिलंय. खाऱ्या विहिरींचाही विचार करायला हवा. बांगलादेशच्या किनारी भागात खारं पाणी पिणाऱ्या गरोदर बायांमध्ये रक्तदाबाचा आजार जास्त आढळला, आणि तो आजार वाढला की आईचा जीव वाचवायला बाळ लवकर काढावं लागतं. आमच्या खारेपाटातल्या बायांना मी म्हणूनच सांगते, प्यायला नळाचंच पाणी ठेवा. विहिरीचं भांड्याधुण्याला.

आणि आता मासळी. याच्यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा थांबते.

माझ्या आईच्या पिढीत पोटुशी बाई गरीब असली तरी तिच्या ताटात खाडी होती. भरती ओसरली की बायका टोपली घेऊन चिखलात उतरायच्या. तिवरांच्या मुळांतून निवट्या, बिळातल्या चिंबोऱ्या, खडकावरची कालवं, वाळूतल्या तिसऱ्या. मिठागराच्या बांधावर जाळं लावलं की बोईट आणि कोलंबी. याला पैसे पडत नव्हते. खाडीकाठच्या घराला ही रोजची प्रथिनं होती, शिंपल्यांतून लोहही मिळायचं, आणि गरोदर सुनेच्या वाटणीचा तुकडा वेगळा काढून ठेवायची पद्धत होती. भराव पडले, तिवरं गाडली गेली, खाडीच्या तोंडाला भिंती आल्या. बंदराच्या चौथ्या टर्मिनलच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली इथल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपयांची भरपाई द्यायचा आदेश दिला, तो याच नुकसानीचा. त्या हिशेबात जाळी आणि होड्या आल्या. टोपलीतून घरात येणारं बाळंतिणीचं कालवण कुठल्या रकान्यात बसणार?

मासळीचा आणि दिवस भरण्याचा संबंध माझ्या मनचा नाही. माशाच्या तेलात ओमेगा-३ नावाची चरबी असते. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ७० चाचण्या एकत्र केल्या, जवळपास वीस हजार बाया. ओमेगा-३ जास्त मिळालेल्यांमध्ये ३७ आठवड्यांआधीची बाळंतपणं ११ टक्क्यांनी कमी होती आणि ३४ आठवड्यांआधीची ४२ टक्क्यांनी. बहुतेक चाचण्या कॅप्सूलच्या होत्या, हे सांगायला हवं. पण ती चरबी सगळ्यात जास्त मिळते ती बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट आणि तुलनेने स्वस्त मासळीत. आज बंदराशेजारच्या कितीतरी घरांत मासळी बाजारातून विकत येते, म्हणून ती वारावारी येते, आणि आली तरी मोठा तुकडा यार्डातून थकून आलेल्या माणसाच्या ताटात पडतो. मी घरात गेले की सासूला सांगते, पापलेट नको, सुरमई नको, आठवड्यातून दोन-तीनदा तारली-बांगडा आण आणि सुनेला तुझ्यासमोर जेवायला बसव.

एका पावसाळ्यातली गोष्ट. बंदराला चिकटलेल्या एका गावातून सकाळी सकाळी एका सासूचा फोन आला. “सिस्टरबाय, सुनंचे पोटान रातपासना दुखतंय. मना वाटला गॅस झायलाय, ओवा दिला.” जाऊन पाहिलं तर पोट दर सात-आठ मिनिटांनी घट्ट होत होतं. कार्ड काढलं, तारीख मोजली : ३३ आठवडे. पाणी गेलेलं नव्हतं. लघवीला आठवडाभर जळजळ होती, ती तिने कुणाला सांगितली नव्हती. कारण विचारलं तर म्हणाली, दवाखान्यात जायचं म्हणजे रस्ता ओलांडायचा, आणि त्या रस्त्यावर चालत जायची तिला भीती वाटायची.

डेक्सामेथासोन नावाचं इंजेक्शन आहे, अगदी स्वस्त. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर ते आईला दिलं की बाळाच्या फुप्फुसांची तयारी लवकर होते. पुढे पाठवण्याआधी त्याचा पहिला डोस आरोग्यसेविकेने द्यावा, असं २०१४ च्या केंद्र सरकारच्या सूचनांमध्ये आहे. मी दिला. १०८ बोलावली. करळ फाट्यावर आम्ही अडकलो. पुढे-मागे, दोन्ही अंगांना कंटेनर. रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत होता आणि हलायला कुणालाच जागा नव्हती. बाळ दुसऱ्या दिवशी झालं, पावणेदोन किलोच्या आत, पण रडलं.

घरी आल्यावर त्याला उराशी बांधायला शिकवलं. उघड्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, वरून कापड गुंडाळायचं, डोक्याला टोपी. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली काचपेट्या कमी पडल्या तेव्हा डॉ. एदगार रे यांनी ही रीत काढली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांत तपासलं तर जन्मल्याबरोबर असं केलेल्या कमी वजनाच्या बाळांत मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. आई आंघोळीला गेली की सासू तिच्या पातळात बाळ बांधून बसायची. ज्या बाईने ओवा दिला होता तीच मला म्हणाली, “उराशी धरला का कसा गप जोपतो बग.”

त्या सुनेच्या बाबतीत कुठलं कारण पहिलं म्हणायचं? संसर्ग होता. संसर्ग अंगावर काढला तो रस्त्याच्या भीतीने. उपचाराला उशीर झाला तो कोंडीने. परिसर असा एकेका कारणाच्या पाठीमागे उभा असतो. रक्त तपासून तो सापडत नाही.

म्हणून माझं म्हणणं दवाखान्यापुरतं नाही. आशाताईंना मी सांगते, पहिल्या भेटीत पत्ता लिहिताना चार गोष्टी विचारून कार्डाच्या कडेला लिहा. घरापासून जड वाहनांचा रस्ता किती पावलांवर आहे, रात्री झोप लागते का, पाणी कुठून आणि कोण आणतं, स्वयंपाक कशावर होतो. ज्या बाईची उत्तरं वाईट असतील तिला दर महिन्याच्या ९ तारखेच्या तपासणीला स्वतः घेऊन जा, तिची लघवी आणि रक्तदाब जास्त वेळा बघा. माहेर आतल्या गावात असेल तर शेवटच्या तीन महिन्यांसाठी तिला लवकर जाऊ द्या, सातव्या महिन्याचं डोहाळजेवण उरकायची वाट बघू नका. पोट वारंवार घट्ट होणं, कंबरेत दाब येणं, पाणी किंवा रक्त जाणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काही दिसलं तर ओवा नको. फोन करा आणि फोनवर महिने सांगू नका, आठवडे सांगा.

काही कामं आमच्या हातातली नाहीत. बंदराने ट्रकांसाठी मोठा वाहनतळ बांधला आहे. तिथे थांबायचं तर इंजिन बंद, आणि गावाच्या कडेला थांबायचंच नाही, हा नियम रात्रीसुद्धा पाळला गेला पाहिजे. गावाजवळच्या रस्त्याला रुग्णवाहिकेची वेगळी पट्टी हवी. उरलेली तिवरं राखायला हवीत, उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसं बजावलेलंच आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळ सांभाळण्याची सोय उरणातच हवी. जिल्हा रुग्णालयाचं अलिबाग समोर दिसतं, करंजाहून रेवसला होडीने पटकन जाता येतं, पण कळा देणारी बाई होडीत घालता येत नाही, आणि रस्त्याने पेणचा वळसा पडतो.

आणि नोंद हवी. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९९३ पासून ३९ गावांत गावातल्याच बायांना हाताशी धरून प्रत्येक बाळंतपणाची नोंद केली, घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, आणि काही वर्षांत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तिथे आधी वही आली, मग उपाय. आमच्याकडे उपकेंद्रात जन्माच्या वह्या आहेत. आठवडे, वजन, गाव, सगळं त्यात लिहिलेलं आहे. त्या वह्या गावनिहाय मांडा, शेजारी त्याच महिन्यांच्या हवेच्या नोंदी ठेवा, आणि दरवर्षी तालुक्याच्या बैठकीत मोठ्याने वाचा. त्या बैठकीला बंदराचा, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचा आणि वाहतूक पोलिसांचा माणूस बसलेला असला पाहिजे, आणि समोरच्या खुर्च्यांवर जसखार, सोनारी, करळ, धुतूमच्या आया.